सातबाऱ्यावर नावं वाढतात तेव्हा: घरातला एकोपा आणि घरातली भांडणं कुठून येतात?

पनवेलहून सुकापूर, आकुर्ली मागे टाकून माथेरानच्या डोंगराकडे निघालं की नेरे लागतं. गाढी नदीच्या खोऱ्यातलं हे गाव. नवी मुंबई विमानतळाभोवतीचा जो प्रदेश राज्य सरकारने २०१३ मध्ये 'नैना' म्हणून अधिसूचित केला आणि ज्याच्या नियोजनाचं काम सिडकोकडे दिलं, त्यात हा पट्टा येतो. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचं उद्घाटनही झालं. ज्या जमिनीतून वर्षाकाठी भाताची काही पोती निघायची, त्याच जमिनीचा भाव आता गुंठ्यावर बोलला जातो.

जमिनीला भाव आला, ही आनंदाची गोष्ट. पण पनवेल तालुक्यात कोणालाही विचारा, भावाबरोबर आणखी काय आलं? तलाठ्याकडे हेलपाटे आले, वकिलाची फी आली, आणि ईदच्या दिवशी सख्ख्या भावाच्या दारावरून न थांबता पुढे जाणं आलं. हे कुठल्या एका समाजाचं दुखणं नाही. आगरी, कराडी, कोळी, मुस्लिम, सगळ्याच घरांत हे घडतं. आपण मात्र म्हणतो, "जमाना खराब आला", "सुनांनी घर फोडलं", "त्याची नियत फिरली".

नियत फिरतेही कधी कधी. पण गेल्या साठ वर्षांत जीवशास्त्र आणि अर्थशास्त्र या दोन शास्त्रांनी कुटुंबाकडे बारकाईने पाहिलं, आणि त्यांचं म्हणणं जरा वेगळं आहे. ज्या मुळातून घरातला जीव लावणं येतं, त्याच मुळातून घरातलं भांडणही येतं. मूळ समजलं तर भांडण अंगावर येण्याआधी काही करता येतं.

रक्ताचं गणित

जे. बी. एस. हॉल्डेन हे ब्रिटनचे मोठे शास्त्रज्ञ. १९५७ मध्ये ते भारतात आले, इथलं नागरिकत्व घेतलं आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला त्यांचं निधन झालं. त्यांच्याबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. भावासाठी जीव द्याल का, असं कोणी विचारलं, तर ते म्हणत की एका भावासाठी नाही, पण दोन सख्ख्या भावांसाठी किंवा आठ चुलत भावांसाठी देईन.

हा विनोद आहे, पण त्यात हिशेब आहे. सख्ख्या भावंडांत आनुवंशिक वारसा सरासरी निम्मा सारखा असतो. काका-पुतण्यात तो पाव असतो, आणि चुलत, मामे, आते, मावस भावंडांत एक अष्टमांश. १९६४ मध्येच विल्यम हॅमिल्टन या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने हे सूत्रात मांडलं. नात्यातल्या माणसाला होणारा फायदा गुणिले नात्याची जवळीक, हा आकडा आपल्या तोट्यापेक्षा मोठा असेल तिथे निसर्गात मदतीची वृत्ती टिकून राहते. मधमाशी पोळ्यासाठी मरते, चिमणी पिलांसाठी उपाशी राहते आणि माणूस भावासाठी कर्ज काढतो, या सगळ्याचा पाया त्यात सापडतो.

यात कोणी कागद-पेन्सिल घेऊन बसत नाही. ही वृत्ती हजारो पिढ्यांत मुरलेली आहे. आणि ती 'आहे' म्हणून ती 'योग्य' आहे, असंही नाही. भूक निसर्गाने दिली, पण कोणाच्या ताटातलं उचलायचं नाही, हे आपल्याला शिकावं लागतं.

हॅमिल्टनच्या सूत्रातली दुसरी बाजू १९७४ मध्ये अमेरिकेच्या रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी दाखवली. आईच्या दृष्टीने दोन्ही लेकरं सारखी, प्रत्येकाशी तिचं नातं निम्मं. पण लेकराच्या हिशेबात स्वतः पूर्ण आणि भाऊ अर्धा. म्हणून आईला वाटतं सारखं वाटावं, आणि प्रत्येक लेकराला वाटतं मला थोडं जास्त मिळावं. अंगावरचं दूध तोडताना बाळ रडून घर डोक्यावर घेतं, तिथून हा वाद सुरू होतो. कोणाला शिकवायचं, कोणाच्या दुकानासाठी दागिने मोडायचे, घराचा वरचा मजला कोणाला, या प्रश्नांत तोच वाद मोठा होऊन येतो. "आम्ही कधी भेद केला नाही" हे आईचं म्हणणं खरं असतं, आणि "मला कमीच मिळालं" हे मुलाचं वाटणंही खोटं नसतं.

आता हाच आकडा सातबाऱ्यावर लावून पाहा. वडिलांच्या नावावरची जमीन वाटप न होता राहिली, तर मालक सख्खे भाऊ-बहीण असतात, जवळीक निम्मी. आणखी एक पिढी तशीच गेली की मालक चुलत-आते भावंडं होतात, जवळीक एक अष्टमांश. त्यातले निम्मे मुंब्र्यात, कोणी कुवेतला, कोणी पुण्यात. सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं, आणि त्यातल्या काहींनी एकमेकांना लग्नातच पाहिलेलं. मग सही कोण कोणासाठी देणार? सुनेने घर फोडलं म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा फक्त एक पिढी पुढे सरकलेली असते. भावांमध्ये जे वाटप चहाच्या कपावर झालं असतं, ते चुलत भावांमध्ये कोर्टाच्या पायरीवर जातं.

अब्बा असेपर्यंत सगळं ठीक

"अब्बा होते तोवर घरात आवाज नव्हता" हे वाक्य आपण किती वेळा ऐकलंय! शिकागोचे अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी १९७४ मध्ये याचं उत्तर दिलं. कुटुंबाच्या अर्थशास्त्रावरच्या कामासह त्यांच्या एकूण संशोधनाला १९९२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांचं म्हणणं असं: घरचा कर्ता सगळ्यांवर माया करणारा असेल आणि गरज पाहून तो सगळ्यांना देत असेल, तर घरातला स्वार्थी मुलगाही घराचं नुकसान करत नाही. घराची एकूण मिळकत वाढली तरच त्याच्याही वाट्याला जास्त येणार, हे त्याला कळत असतं.

पण ही व्यवस्था कर्त्याच्या हातात देण्यासारखं काही शिल्लक असेपर्यंतच चालते. कर्ता गेला, की वळण लावणारा हात गेला. चाळीसाव्याचं जेवण आटोपताच जमिनीचा विषय का निघतो, ते यातून समजतं. माणसं तीच असतात, पण त्यांना बांधून ठेवणारी दोरी निघालेली असते.

बेकर यांचं चित्र जरा गोड होतं. १९८५ मध्ये बर्नहाइम, श्लायफर आणि समर्स या तीन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या वृद्ध आईवडिलांची माहिती तपासली. ज्यांच्याकडे मुलांना देण्यासारखी संपत्ती जास्त आणि मुलं एकापेक्षा अधिक, तिथे मुलांच्या भेटी आणि फोन जास्त, असं त्यांना दिसलं. वारसा हा धाकही असू शकतो. "कोणाला किती, ते शेवटी ठरवीन" असं म्हणत राहणारा बाप आपल्याकडे नवीन नाही. त्याला भेटी मिळतात, पण पोरांमध्ये चढाओढ लागते, आणि ती त्याच्या मागे उरते.

पैसा कोणाच्या हातात?

कुटुंब म्हणजे एकच खिसा, असं पूर्वी धरलं जायचं. ते खरं नाही, हे पुढच्या संशोधनाने दाखवलं. दक्षिण आफ्रिकेत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वृद्धांचं सरकारी पेन्शन कृष्णवर्णीय कुटुंबांपर्यंत पूर्णपणे पोहोचलं. एस्थर डुफ्लो यांनी २००३ मध्ये दाखवलं की ज्या घरात हे पेन्शन आजीच्या हातात आलं, तिथल्या नातींचं वजन आणि उंची सुधारली. आजोबांच्या हातात आलं, तिथे असा फरक दिसला नाही. डुफ्लो यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्यासोबत ते मिळालेले अभिजित बॅनर्जी हे मुंबईत जन्मलेले, आणि आईकडून मराठी.

आजीबद्दल उत्क्रांतीशास्त्रही असंच काहीतरी सांगतं. टांझानियातल्या हाड्झा या शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या समाजात क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं, की म्हाताऱ्या बायका तासन् तास कंद खणतात आणि सुनेला किंवा लेकीला नवं बाळ झालं की मोठ्या नातवंडांचं पोट त्या सांभाळतात. मूल होण्याचं वय सरल्यावरही बाईचं आयुष्य इतकं लांब का, याचं एक उत्तर हॉक्स यांनी तिथे शोधलं. आजी घराला ओझं नसते. माणसाचं कुटुंब तिच्या कष्टावर उभं राहिलं आहे.

म्हणून राज्यात २०२४ पासून 'लाडकी बहीण' योजनेचे दरमहा १५०० रुपये थेट बाईच्या खात्यात येतात, तेव्हा ती रक्कम घरात कोण खर्च करतं हाही तितकाच महत्त्वाचा प्रश्न असतो.

बहिणीची सही

आता सगळ्यात शांत बसलेल्या माणसाकडे येऊ. भाऊ भांडतात, आवाज होतो, गावाला कळतं. बहीण बहुतेक वेळा भांडत नाही. तिच्यापुढे हक्कसोडपत्र येतं आणि ती सही करते. लोक म्हणतात, "किती समजूतदार!"

अमर्त्य सेन यांनी १९९० मध्ये या समजूतदारपणाचा अर्थ लावला. कुटुंबात सहकार्य आणि संघर्ष एकाच वेळी चालू असतात, असं त्यांनी मांडलं. एकत्र राहण्यात सगळ्यांचा फायदा असतो, पण त्या फायद्याचं वाटप कसं होणार, हे एका गोष्टीवर ठरतं: बोलणी फिसकटली तर कोणाचं किती नुकसान? ज्याचं जास्त, तो आधी नमतं घेतो. भावाशी बिनसलं तर बहिणीचं माहेर तुटतं. उद्या सासरी काही झालं, नवरा आजारी पडला किंवा तलाक झाला, तर जायचं कुठे? म्हणून ती सात गुंठे सोडते आणि माहेर राखते. खरं तर ती विमा विकत घेत असते, आणि हप्ता भरते स्वतःच्या हक्काच्या जमिनीचा.

लेकीमुळे माहेरालाही विमा मिळतो, हे मात्र आपण विसरतो. मार्क रोझेन्झवाइग आणि ओडेड स्टार्क यांनी १९८९ मध्ये दक्षिण आणि मध्य भारतातल्या गावांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सोलापूर आणि अकोला जिल्ह्यांतली गावंही होती. लेकी लांबच्या गावी दिल्या असतील, तर दुष्काळी वर्षातही माहेरच्या घराचा खर्च कमी डगमगतो, असं त्यांना दिसलं. एका गावात पाऊस पडला नाही तरी दुसऱ्या गावी पडलेला असतो, आणि सोयरे मदतीला येतात. म्हणजे लग्न होऊन गेलेली लेक माहेराला आधार देतच असते. हिशेबाच्या वहीत मात्र तिचं नाव फक्त खर्चाच्या बाजूला लिहिलेलं असतं.

"लग्नात इतका खर्च केला, तोच तिचा हिस्सा" हे वाक्यही नेहमीचं. लग्नाचा खर्च बापाने हौसेने केलेला असतो. वारसाहक्क बापाच्या मृत्यूनंतर सुरू होतो. एकाने दुसरं फिटत नाही.

ठरलेले हिस्से कशासाठी?

इथे आपल्या वारसा व्यवस्थेकडे नव्याने पाहण्यासारखं आहे. सूरह अन-निसामध्ये वारसांचे हिस्से ठरवून दिलेले आहेत. अर्थतज्ज्ञ जेम्स ब्यूकॅनन यांनी १९८३ च्या एका निबंधात असा विचार मांडला, की वारसा कोणाला मिळेल हे मोकळं सोडलं, तर तो मिळवण्याच्या चढाओढीत वारसदारांचे कष्ट, वेळ आणि पैसा वाया जातो. नियम आधीच ठरलेला असेल तर खुशामतीला आणि कानभरणीला जागा उरत नाही. ठरलेल्या हिश्शांचा एक फायदा नेमका हाच आहे.

उदाहरण घेऊ. समजा एक जण वारला. मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी. त्याचे आईवडील आधीच गेलेले. जमीन एक एकर, म्हणजे ४० गुंठे. आधी कफन-दफनचा खर्च आणि कर्ज फेडायचं. पत्नीचा मेहर द्यायचा राहिला असेल, तर तेही कर्जच. ते फिटलेलं आहे असं धरू. पत्नीचा हिस्सा एक अष्टमांश, म्हणजे ५ गुंठे. उरलेल्या ३५ गुंठ्यांचे पाच भाग, कारण मुलाला दोन भाग आणि मुलीला एक. म्हणजे मुलांना १४-१४ आणि मुलीला ७.

नैनाच्या नगररचना योजनांमध्ये मूळ जमिनीच्या साधारण ४० टक्के विकसित भूखंड म्हणून मालकाला परत मिळतो. काही गावांत शेतकऱ्यांचा याला विरोध आहे, तो वेगळा विषय. पण वरच्या घराचं गणित करायचं तर ४० गुंठ्यांचे १६ होतात. आईचे २, मुलांचे ५.६ आणि ५.६, मुलीचे २.८. आकडा छोटा झाला, भाव मोठा झाला, आणि नेमकं याच वेळी बहिणीचे २.८ गुंठे भावांच्या डोळ्यांत येतात.

मुलाला दुप्पट का, याचं परंपरेतलं उत्तर असं, की घर चालवण्याची जबाबदारी त्याच्यावर आहे. मग दुप्पट हिस्सा घेणाऱ्याने ती जबाबदारीही घ्यायला हवी. स्वतःचा दुप्पट घ्यायचा, बहिणीचा एकपटही घ्यायचा, आणि आईला मात्र महिन्याच्या पाळीने फिरवायचं, हे कुठल्याच हिशेबात बसत नाही.

वसीयतीलाही मर्यादा आहे. एक तृतीयांशापेक्षा जास्त वसीयत बाकी वारसांच्या संमतीशिवाय चालत नाही, आणि सुन्नी कायद्यात वारसदारालाच वसीयत करायची तरी इतरांची संमती लागते. म्हणजे "शेवटी ठरवीन" म्हणणाऱ्या बापाच्या हातात फारसं उरतच नाही. हयातीत हिबा करण्याचा दरवाजा मात्र उघडा आहे, आणि बहुतेक कुरबुरी तिथूनच आत येतात. नुअमान बिन बशीर यांची हदीस अनेकांना माहीत असेल. वडिलांनी त्यांना एक भेट दिली आणि पैगंबरांना (स.) साक्षीदार होण्याची विनंती केली. सगळ्या मुलांना असंच दिलंस का, अशी विचारणा झाली. उत्तर 'नाही' आलं, तेव्हा पैगंबरांनी (स.) साक्षीदार व्हायला नकार दिला. ट्रिव्हर्स यांनी ज्या वादाचं मूळ शोधलं, त्यावरचा उपाय या एका प्रश्नात आहे.

रक्तापलीकडचं घर

आता पुन्हा नेऱ्याला येऊ. याच गावात शांतिवन आहे, कुष्ठरोग निवारण समितीची वसाहत. कुष्ठरोग झाला म्हणून ज्यांना रक्ताच्या माणसांनी घराबाहेर काढलं, अशी माणसं इथे एकत्र राहिली, कामाला लागली, एकमेकांची झाली. पुढे इथे वृद्धांनाही आसरा मिळाला. हॅमिल्टनच्या सूत्रात या माणसांची एकमेकांशी जवळीक जवळपास शून्य. तरी ती एकमेकांच्या जखमा धूत आली.

म्हणजे रक्त हा पाया असला, तरी नातं टिकतं ते वागण्याने. इब्न खल्दून यांनी १३७७ मध्ये 'मुकद्दमा' लिहिला, तेव्हा 'असबिय्या' म्हणजे आपलेपणाच्या बळावर समाज कसे उभे राहतात हे सांगितलं. त्यांनीही हेच बजावलं, की निव्वळ वंशावळीला अर्थ नाही. एकमेकांच्या कामी येणं, सोबत राहणं, यातच नात्याचा उपयोग. आपण ज्याला सिलारहमी म्हणतो, ती हीच.

घरी काय करता येईल?

भांडण स्वाभाविक आहे म्हणून हात बांधून बसायचं नसतं. उलट ते कुठून येणार हे माहीत असेल तर तिथे आधीच बांध घालता येतो.

पहिलं, वाटप पिढी बदलायच्या आत करा. सख्खी भावंडं हयात असताना जे जमतं, ते त्यांच्या मुलांना जमणं अवघड. वारस नोंद करून घ्या, फेरफार पाहा, सातबाऱ्यावर बहिणींची आणि आईची नावं आहेत का ते तपासा. १९३७ च्या शरियत कायद्यात शेतजमिनीचा प्रश्न वेगळा ठेवलेला आहे, म्हणून शेतीबाबत जाणकार वकिलाला विचारूनच पुढे जा.

दुसरं, आखाती देशातून पाठवलेल्या पैशाची नोंद ठेवा. एका भावाने पंधरा वर्षं पैसे पाठवले आणि घर अब्बांच्या जागेवर उभं राहिलं, तर ती मदत होती, कर्ज होतं की भागीदारी, हे तेव्हाच ठरवून लिहून ठेवा. नंतर प्रत्येकाला आपलीच आठवण खरी वाटते.

तिसरं, ज्याचा बाप आजोबांच्या आधी वारला, त्या नातवंडांचा विचार हयातीत करा. दुसरा मुलगा हयात असेल तर त्या पोरांना आजोबांच्या मागे हिस्सा मिळत नाही. एक तृतीयांशाची वसीयत किंवा हिबा त्यांच्यासाठी करता येतो.

चौथं, बहिणीपुढे कागद ठेवण्याआधी तिचा हिस्सा गुंठ्यात आणि रुपयांत किती होतो, हे तिला सांगा, आणि तो आधी तिच्या नावावर होऊ द्या. बाप जिवंत असताना तर तिचा हिस्साच निर्माण झालेला नसतो, तेव्हा सोडायचं काय? हिस्सा हातात आल्यावर तिने खुशीने भावाला दिला, तर ती भेट. न दाखवता सही घेतली, तर ती भेट नाही.

माहेर आणि मेहर, दोन्ही बाईच्या हक्काचे शब्द. एकासाठी दुसरा हक्क गहाण टाकायची वेळ तिच्यावर येऊ नये. बहीण आपला हिस्सा घेऊनही ईदला भावाच्या दारात तितक्याच हक्काने येऊ शकली, तर त्या घरातला एकोपा खरा.